माळ घातली, पुढे काय? नव्या माळकऱ्यांसाठी रोजच्या वागण्याची वाट

आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात, नाहीतर गावच्या सप्ताहात, दरवर्षी कितीतरी जण पहिल्यांदा गळ्यात तुळशीची माळ घालतात. त्या वेळी सांगितलं जातं ते थोडक्यात असतं. मांसाहार नाही, दारू नाही, एकादशी धरायची, रोज हरिपाठ म्हणायचा, पंढरीची वारी चुकवायची नाही, परस्त्री मातेसमान. माणूस हे ऐकून घरी येतो आणि सोमवारी कामावर जातो. तिथे साहेब चारचौघांत टाकून बोलतो. गावाकडे चुलतभावाने बांध कोरलेला असतो. नणंद लग्नातलं मानपान उकरून काढते. रात्री सगळे झोपले की हातात मोबाईल असतो. अशा वेळी गळ्यातली माळ आपल्याकडून नेमकं काय मागते, हे कुणी समोर बसवून समजावत नाही.

मला माळ घालून बरीच वर्षं झाली. नोकरी, संसार, सासर-माहेर सांभाळून नेम चालवताना जे उमगलं आणि वडीलधाऱ्या वारकऱ्यांकडून जे ऐकलं, ते इथे क्रमाने मांडते. वाचताना एक गोष्ट मनाशी धरा: पापाशी झुंजत बसण्यापेक्षा आठवण जागी ठेवणं, हे या वाटेवरचं खरं काम आहे. माणूस वाईट वागतो तो बहुतेक वेळा विसरल्यामुळे. पुढचे सगळे टप्पे त्या विसरण्यावरचेच उपाय आहेत.

जवळ काय हवं

- तुळशीच्या मण्यांची गळ्यातली माळ. पदर किती, मणी किती, हे फडाफडानुसार (फड म्हणजे एकेका महाराजांच्या परंपरेतला वारकऱ्यांचा समूह) बदलतं; तुम्हाला माळ घालणारे सांगतील तशी घ्या. तुळशीच्या नावाखाली भलत्याच लाकडाचे मणी विकले जातात, म्हणून जुन्या माळकऱ्याला सोबत न्या.
- जपासाठी १०८ मण्यांची वेगळी माळ. सुरुवातीला नसली तरी चालतं.
- हरिपाठाची पुस्तिका, मोठ्या अक्षरांची.
- गोपीचंदन आणि बुक्का.
- तिथ्या छापलेलं भिंतीवरचं कॅलेंडर.
- खिशात मावेल अशी लहान वही.

कागदपत्र कुठलंच लागत नाही. जात, शिक्षण, वय, लग्न झालंय की नाही, काही विचारलं जात नाही. आणि टाळ, वीणा, पांढरा पोशाख, देवघराचा नवा चौरंग हे सगळं पहिल्याच महिन्यात विकत घेऊ नका. खरेदीच्या उत्साहातच नेम झाल्यासारखा वाटतो आणि हरिपाठ मागे पडतो.

१. माळ कुणाच्या हातून घालायची

रीत अशी की पांडुरंगाच्या चरणी, आळंदीला माऊलींच्या समाधीला किंवा ज्ञानेश्वरीच्या ग्रंथाला माळ लावतात आणि मग एखादे अधिकारी महाराज ती गळ्यात घालतात. वासकर, देहूकर, शिरवळकर असे जुने फड आहेत. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकलेले कीर्तनकारही महाराष्ट्रभर आहेत. गावात भजनी मंडळ असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे तिथल्या विणेकऱ्याला, म्हणजे भजनात वीणा धरणाऱ्याला, विचारा.

माळ घालण्यासाठी कुणी ठरावीक रक्कम मागत असेल, किंवा ‘माळ घातली की धंदा वाढेल, कोर्टाचा निकाल लागेल’ असं सांगत असेल, तर हात जोडा आणि निघून या.

घाई करू नका. आधी काही महिने नेम पाळून बघा, घरच्यांना बघू द्या, मग माळ घाला. भावनेच्या भरात घातलेली आणि गटारी अमावास्येला खुंटीला अडकवलेली माळ मी पाहिली आहे. त्या माणसाला नंतर देवापुढे उभं राहायचीही लाज वाटते, आणि ते नुकसान फार मोठं असतं.

एक महत्त्वाचा इशारा. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने माळेच्या जोरावर एका दिवसात दारू तोडू नये. अंगाला कापरं भरणं, भास होणं, फिट येणं असे प्रकार होतात आणि ते जिवावर बेतू शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय. अशा ठिकाणी जाण्यात कमीपणा नाही. औषधही चालू ठेवा आणि नामही.

२. पाप कशाला म्हणायचं, ते आधी ठरवा

नवे माळकरी इथे सर्वात जास्त गोंधळतात. माळेला खरकटा हात लागला, हरिपाठाच्या मध्येच फोन घेतला, चुकून लसणाची चटणी खाल्ली, यांचंच भय घेऊन बसतात. आणि वजनकाट्यात पन्नास ग्रॅम मारलेले असतात, त्याचं काही वाटत नाही.

तुकोबांनी व्याख्या अर्ध्या ओळीत दिली आहे: पुण्य पर उपकार, पाप ते परपीडा. ती वहीच्या पहिल्या पानावर लिहा. शंका आली की एवढंच विचारा, ‘माझ्या या वागण्याने कुणाला पीडा होते का?’ दुधात पाणी, बांधावर नांगराची एक सरी जास्त, न केलेल्या प्रवासाचं बिल, कामवाल्या बाईंचा खाडा कापणं, सुनेला माहेरावरून टोमणा. सगळी उत्तरं लगेच मिळतात.

या कसोटीला लावल्यावर उघडं पडणारं आणखी एक पाप आहे, आणि ते माळकऱ्यांच्या घरातही सुखाने नांदतं: जात. संत चोखामेळा म्हणजे आपल्या चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर आहे. हयातीत त्यांना देवळाच्या आत जाता आलं नाही. विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. म्हणजे आपल्याच परंपरेने शतकानुशतकं हे पाप देवाच्या दारात सांभाळलं. तुमच्या घरी पाण्याचा वेगळा पेला असेल, सोयरिकीच्या गप्पांत कुणाच्या जातीचा उल्लेख हळू आवाजात होत असेल, तर एकादशीपेक्षा त्याच्याकडे आधी बघा.

३. घसरण कुठून सुरू होते, ते ओळखा

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो: मनात नसतानाही, कुणी जबरदस्तीने जुंपल्यासारखा माणूस पाप का करतो? तुमचा-माझा प्रश्न जसाच्या तसा. भगवंत काम आणि क्रोध यांच्याकडे बोट दाखवतात आणि त्यांची ठाणीही सांगतात: इंद्रियं, मन, बुद्धी.

ही घसरण कोणत्या क्रमाने होते, ते त्याआधी दुसऱ्या अध्यायात येऊन गेलेलं आहे. एखाद्या गोष्टीचं मनात घोळवणं, त्यातून ओढ, ओढीतून हाव, हाव अडली की राग, रागातून भ्रम, भ्रमातून स्मृती जाणं, स्मृती गेली की बुद्धी जाते आणि माणूस संपतो. या साखळीत स्मृती कुठे आहे बघा. ती गेल्यावरच बुद्धी जाते. मी कोण, कुणाचा, गळ्यात काय आहे, हे विसरल्याशिवाय कुणाच्याही हातून मोठं पाप होत नाही.

म्हणून साखळी पहिल्याच कडीवर तोडायची. ‘घोळवणं’ थांबवणं सोपं असतं, भडकलेला राग थांबवणं फार अवघड. काही दिवस वहीत फक्त एवढंच टिपा: कुठली गोष्ट, कुठल्या वेळी मनात घोळायला लागते. बऱ्याच जणांना दिसतं की जागा ठरलेल्या असतात. ऑफिसातून घरी येतानाची लोकल, जेवणानंतरचा टीव्ही, रात्री अकरानंतरचा मोबाईल, भावाचा फोन येऊन गेल्यानंतरचा तास. शत्रू कुठून येतो हे कळलं की पहारा कुठे लावायचा तेही कळतं.

४. हरिपाठाची वेळ बांधून घ्या

ज्ञानोबांच्या हरिपाठात २७ अभंग आहेत. नुसते वाचले तर वीसेक मिनिटं लागतात, टाळांवर चालीत म्हटले तर त्याहून जास्त. एकनाथ, नामदेव, निवृत्तिनाथ, तुकोबा यांचेही हरिपाठ आहेत, पण पहिलं वर्ष ज्ञानोबांच्याच हरिपाठावर काढा. गावोगाव तो संध्याकाळी म्हणतात, आणि त्याला व्यावहारिक कारणही आहे: दिवसभराची चिडचिड घरच्यांवर निघते ती याच वेळी. दिवेलागणीला घरात हरिपाठ सुरू झाला की ती वेळ टळते. शिफ्टची नोकरी असेल तर आपल्या सोयीची वेळ ठरवा, पण एकदा ठरली की बदलू नका.

अडचण बहुतेक सोवळ्या-ओवळ्याची येते. अंघोळ झाली नाही, प्रवासात आहे, पाळी आली आहे, घरात सुतक आहे. हरिपाठातच सांगितलं आहे की नाम घ्यायला काळ-वेळ नाही. बायांनो, पाळीच्या दिवसांत देवघरापाशी जायचं की नाही हे तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे ठरवा, पण नाम कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका. ते ओठांवर असतं, तिथे कुणाची मनाई चालत नाही.

अर्थ समजत नाही म्हणून थांबून राहू नका. रोज सगळे अभंग म्हणा आणि एकाच अभंगाचा अर्थ बघा. पहिल्याच अभंगात देवाच्या दारी क्षणभर उभं राहायला सांगितलं आहे. एक क्षण. पुढचा टप्पा त्या एका क्षणावरच उभा आहे.

५. ऐन प्रसंगाला काय करायचं

सकाळी शांतपणे केलेला निश्चय अकरा वाजता का टिकत नाही? कारण अकरा वाजता तो आठवतच नाही. म्हणून आठवण अशा गोष्टींना बांधून ठेवा ज्या दिवसभरात आपोआप घडतात: गाडीची किल्ली फिरवताना, दुकानाचं शटर उचलताना, भाकरीचं पीठ मळायला घेताना, फोनची रिंग वाजल्यावर तो कानाला लावण्याआधी. प्रत्येक वेळी एकदा ‘राम कृष्ण हरी’. स्वप्नात गुरूंनी हाच मंत्र दिला, असं तुकोबांनी स्वतः सांगितलं आहे. मोठ्याने म्हणायची गरज नाही. महिनाभरात ओठ आपोआप हलू लागतात.

*राग आला तर.* हात माळेकडे न्या, मणी बोटात धरा. उत्तर द्यायचंच असेल तर मणी सोडल्यावर द्या. व्हॉट्सॲपवर रागाने लिहिलेला मजकूर हरिपाठ होईपर्यंत पाठवायचा नाही, असा नियमच करा. नंतर त्यातला निम्मा तुम्ही स्वतःच पुसाल. पण अन्याय गिळून बसा असं मी म्हणत नाही. माऊलींच्या पालखीच्या मुक्कामावर समाज आरती होते. चोपदार चोप (हातातला दंड) उंच करतात आणि सगळे टाळ थांबतात. मात्र ज्या दिंडीची तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. तिचं ऐकून घेतलं जातं, मगच आरती पुढे जाते. तक्रार देवासमोर, सगळ्यांदेखत, शिवी न देता मांडायची रीत आपल्याकडे आहे. ऑफिसात आणि घरातही तशीच मांडा.

*बांध, वाटणी, पैसा.* लोभ नेहमी न्यायाच्या भाषेत बोलतो. ‘माझ्या हक्काचं आहे ते’ असं मन म्हणायला लागलं की सावध व्हा. हक्काचं खरंच असेल तर सरकारी मोजणी आणा, तलाठ्याकडे जा, गरज पडली तर वकील करा. रात्रीत नांगर फिरवू नका. आणि मोजणीत तुमच्याकडे जास्त निघालं तर तेवढं सोडा. इथे माळेची खरी परीक्षा होते, आणि गाव ती परीक्षा बघत असतं.

*मोबाईल आणि वासना.* यावर कीर्तनात कुणी फारसं बोलत नाही, म्हणून तरुण पोरं एकटीच कुढत बसतात. मनाशी झगडत पडून राहू नका. झगडतानाही तेच चित्र मनात घोळत राहतं. उठा, दिवा लावा, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, पाणी प्या, मोठ्याने एक अभंग म्हणा. विचार मनात येणं हे पाप नाही. त्याला जवळ बसवून चहा पाजू नका, इतकंच.

*निंदा.* माळकऱ्यांच्या अंगात सर्वात सहज शिरणारा दोष हाच. दारू सुटते, मटण सुटतं, पण ‘तो बघा, माळ घालून काय करतो’ हे सुटत नाही. नावं ठेवण्याचा विषय निघाला की तिथून उठा; उठता येत नसेल तर त्या माणसाची एक चांगली गोष्ट सांगून विषय बदला. घरात मासे-मटण खाणारे असतील तर त्यांच्या ताटाकडे बघून तोंड वाकडं करू नका. कोकणात आणि गोव्यात तर ही वेळ रोज येते. तुमचा नेम तुमच्या ताटापुरता. घरातल्या माणसाचा घास कडू करणं म्हणजे परपीडाच.

६. आपण कोण, हे दुसऱ्याकडून आठवून घ्या

‘तू देह नाहीस, आत्मा आहेस’ असं स्वतःला कितीही बजावलं तरी ते डोक्यात राहतं, अंगात उतरत नाही. वारकऱ्यांनी त्यावर काढलेली युक्ती मला अजोड वाटते. दोन वारकरी भेटले की दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. सत्तर वर्षांचे आजोबा दहा वर्षांच्या पोराच्या पायाला हात लावतात. आणि एकमेकांना हाक मारतात ती ‘माऊली’. गर्दीत वाट हवी असली तरी ‘माऊली, जरा सरका’.

ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायात म्हटलं आहे, जे जे भेटे भूत, ते ते मानिजे भगवंत. वारीत ते रोज पायांनी आणि तोंडाने पाळलं जातं. तुम्ही वाकता तेव्हा अहंकार उतरतो, हे सगळे सांगतात. त्याहून मोठी गोष्ट घडते ती समोरचा तुमच्यापुढे वाकतो तेव्हा. तो तुमच्या पगाराला, रूपाला, चुकांना नमस्कार करत नाही. तुमच्या आत जो आहे त्याला करतो. तो मान अंगावर घेऊन लगेच कुणाशी खोटं बोलणं जड जातं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवटही तिथेच येतो: इंद्रियांपलीकडे मन, मनापलीकडे बुद्धी, बुद्धीपलीकडे तो आत्मा, त्याला ओळख आणि मग कामरूपी शत्रूला मार.

वारीबाहेर हे कसं करायचं? घरात रोज थोरांच्या पाया पडा. मुलांवर ओरडण्याआधी मनात एकदा ‘माऊली’ म्हणा. रिक्षावाले दादा, भाजीवाल्या मावशी, सोसायटीचा रखवालदार, ज्यांच्याशी तुटक बोलायची सवय लागलेली असते, त्यांच्यापासून सुरुवात करा. ऑफिसात साहेबाला माऊली म्हणायची गरज नाही. मनातल्या मनात म्हटलं तरी आवाज बदलतो.

७. एकादशी

महिन्यात दोन, वर्षात २४, अधिक महिना आला तर २६. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही: साबुदाण्याची खिचडी, वडे, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या फोडी, आणि संध्याकाळी ॲसिडिटी. एक वेळ भगर किंवा फळं, बाकी पाणी, इतकं पुरे. पोट हलकं राहिलं की मन कुठे धावतं ते स्पष्ट दिसतं; उपवास त्यासाठीच आहे. मधुमेह असेल, गरोदर असाल, रोजच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नका. अशांनी त्या दिवशी निंदेचा उपवास धरावा. तो जास्त कठीण आहे.

८. चुकलं तर

चुकणारच. तेव्हा क्रम असा ठेवा. आधी ज्याला पीडा झाली त्याची भरपाई: पैसे परत करा, माफी मागा, खोटं सांगितलं असेल तर खरं सांगा. मग देवापुढे कबुली. मग त्याच दिवशीचा हरिपाठ, न चुकवता. ‘मी लायक नाही’ म्हणून नेम सोडणं ही दुसरी चूक, आणि ती पहिल्यापेक्षा महागात पडते.

‘नामाने सगळी पापं जळतात, मग काय हरकत’ हा हिशोब मात्र कधी करू नका. नामाच्या बळावर पाप करणं हे दहा नामापराधांत मोजलं आहे. आणि उलट टोकाला, आपण पापी आहोत हा एकच विचार दिवसरात्र छळत असेल, हात धुणं, तेच तेच म्हणणं थांबत नसेल, झोप उडाली असेल, तर तो आजार असू शकतो. मनाच्या डॉक्टरांना भेटा.

माळ तुटली तर घाबरू नका, तो अपशकुन नाही. मणी गोळा करून लगेच ओवून घ्या. पुष्कळ माळकरी ओवेपर्यंत अन्नपाणी घेत नाहीत. तुमच्या फडाची रीत विचारा. कारखान्यात फिरत्या यंत्रापाशी काम असेल तर माळ सदऱ्याच्या आत घट्ट राहील अशी घाला. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर काढा म्हणाले तर काढून घरच्यांकडे द्या.

९. एकटे राहू नका

एकट्याने धरलेला नेम पहिल्याच मोठ्या दुखण्यात किंवा भांडणात सुटतो. आठवड्यातून एकदा तरी भजनाला जा. मुंबई-पुण्यातल्या बहुतेक उपनगरांत भजनी मंडळ सापडतं. जवळच्या विठ्ठल मंदिरात चौकशी करा. परदेशात असाल तर ठरलेल्या वेळी दोन-तीन घरांनी मिळून फोनवर हरिपाठ म्हणा.

वारीसाठी देहूहून तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला आणि आळंदीहून माऊलींची अष्टमीला निघते. पहिल्या वर्षी पूर्ण वाट जमणार नसेल तर पुणे ते सासवड हा एकच टप्पा चाला. दिवे घाटाचा चढ लागतो आणि अंतर मोठं आहे, म्हणून महिनाभर आधीपासून रोज चालायची सवय करा. पूर्ण चालायचं असेल तर कुठल्या तरी दिंडीत आधीच नाव द्या; तंबू, जेवण आणि सामानाच्या ट्रकची सोय तिथूनच होते. जवळ आधार कार्डाची प्रत, रोजची औषधं, प्लास्टिकचा कागद, जुन्या वापरातल्या चपला आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. नव्या चपला घालून निघू नका, फोड येतात. काही हरवलं तर समाज आरतीच्या वेळी पुकारा होतो, तिथे जाऊन सांगा. तुम्हाला दुसऱ्या कुणाचं काही सापडलं तरी तिथेच नेऊन द्या.